वीज परत आली म्हणून लगेच ‘वाय’ दाबू नका

(बेळगावात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. समोर पतपुरवठा सोसायटीवाले दिसतात, शाळांचे कॉम्प्युटर सर दिसतात, उद्यमबागेतून शटर ओढून थेट इकडे आलेले कारखानदार दिसतात, आणि मागच्या रांगेत खानापूरची मंडळी आहेत. खानापूरकरांना करंट जाणं म्हणजे काय ते समजावण्याची माझी पात्रता नाही. वळवाचा वारा सुटला की रानातली फांदी तारेवर येणार आणि घड्याळ थांबणार, हे त्यांना पाठ आहे. त्यामुळे प्रस्तावनेचा वेळ वाचला.

जाहीर झालेला विषय असा की अचानक वीज गेल्यावर सर्व्हरची फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याची व्यवस्था, कशी तपासायची. तिथे येतोच. पण आधी एका अक्षराबद्दलची माझी तक्रार तुम्हाला ऐकावी लागेल.

ते अक्षर म्हणजे ‘वाय’. वीज परत येते, सर्व्हर उठताना मध्येच अडकतो, काळ्या पडद्यावर प्रश्न येतो की अमुक आयनोडमध्ये, म्हणजे एका फाइलच्या नोंदीत, गडबड आहे, दुरुस्त करू का? ऑपरेटर वाय दाबतो. दुसरा प्रश्न, वाय. तिसऱ्या प्रश्नानंतर वाचणं थांबतं, दहाव्यानंतर बोट उचलणंसुद्धा थांबतं. काही हुशार लोक तर कमांडमध्येच ‘डॅश वाय’ लिहून मोकळे होतात, म्हणजे पुढच्या सगळ्या प्रश्नांना आगाऊ होकार. प्रश्न इंग्रजीत असतात ही सबब सांगू नका. कन्नडमधून आलेली नोटीस आपण शेजाऱ्याकडून दोनदा वाचून घेतो की!

त्या प्रश्नांपैकी बरेचसे ‘क्लिअर करू का’ असे असतात. हो म्हटलं की तो आयनोड पुसला जातो, म्हणजे ती फाइल गेली. हे प्रश्न विचारणारा एफएससीके, म्हणजे फाइल सिस्टिम तपासणारा प्रोग्राम, तुमचा डेटा वाचवायला लिहिलेलाच नाही. त्याचं काम एवढंच की फाइल सिस्टिमची रचना आतून सुसंगत व्हावी. दोन फाइली एकाच ब्लॉकवर, म्हणजे डिस्कच्या एकाच तुकड्यावर, हक्क सांगत असतील तर तो तंटा मिटवणार. मिटवताना सभासदांचं रजिस्टर कुठलं आणि गणपतीचे फोटो कुठले, हे त्याला ठाऊक नसतं.

आता जर्नल, म्हणजे फाइल सिस्टिमची स्वतःची रोजकीर्द. सोसायटीवाल्यांसाठी सोपं आहे: व्यवहार आधी रोजकिर्दीत, मग खतावणीत. मध्येच दिवे गेले तर रोजकिर्दीतल्या पूर्ण नोंदी खतावणीत उतरवायच्या आणि अर्धवट नोंद सोडून द्यायची. लिनक्सची ईएक्सटी४, एक्सएफएस, विंडोजची एनटीएफएस, या तिन्ही फाइल सिस्टिम असंच करतात. म्हणून हल्ली वीज गेल्यावर सर्व्हर बहुतेक वेळा काही सेकंदांत उठतो आणि पडद्यावर ‘क्लीन’ असं येतं. ऑपरेटर खूश, चेअरमन खूश.

पण त्या रोजकिर्दीत लिहिलेलं काय असतं? नेहमीच्या सेटिंगमध्ये फक्त फाइलचं नाव, आकार, ती कुठल्या ब्लॉकांत आहे ते. आतला मजकूर त्यात नसतो. ईएक्सटी४ मध्ये एवढी काळजी घेतलेली असते की आधी मजकूर डिस्कवर जातो आणि मग त्याची नोंद जर्नलमध्ये पक्की होते, साधारण दर ५ सेकंदांनी. म्हणजे ‘क्लीन’ हा शेरा रचनेला आहे. तुमच्या शेवटच्या वीस पावत्या आत आहेत की नाहीत, याबद्दल तो काहीच म्हणत नाही.

याची एक जुनी हकीकत आहे, ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. २००९ सालची. ईएक्सटी४ आदल्या डिसेंबरात लिनक्सच्या २.६.२८ या आवृत्तीत स्थिर म्हणून जाहीर झालं होतं. उबुंटू या लिनक्सच्या येऊ घातलेल्या आवृत्तीवर लोकांनी ते लावून पाहिलं, आणि तक्रार आली की मशीन अचानक बंद पडून पुन्हा सुरू झाल्यावर डेस्कटॉपच्या सेटिंगच्या फाइली शून्य बाइटच्या झाल्यात. नाव आहे, जागेवर आहे, आत काही नाही. आणि फाइल सिस्टिम? क्लीन!

कारण असं की ईएक्सटी४ वेग वाढवण्यासाठी मजकुराला ब्लॉक लगेच देत नाही. मजकूर मेमरीत थांबतो, अर्धा मिनिट, कधी त्याहून जास्त. ब्लॉकच दिलेले नाहीत, तर ‘आधी मजकूर, मग नोंद’ हा नियम लागू कशाला होणार? जुन्या ईएक्सटी३ मध्ये हीच खिडकी ५ सेकंदांची होती, म्हणून लोकांना ती कधी दिसली नव्हती. ईएक्सटी४ चे प्रमुख टेड त्सो यांचं म्हणणं असं, की डेटा डिस्कवर गेलाच पाहिजे असं वाटत असेल तर प्रोग्राम लिहिणाऱ्याने एफसिंक, म्हणजे ‘आत्ताच डिस्कवर लिही’, ही हाक मारायला हवी. तो नियम आधीपासूनचाच आहे. प्रोग्राम लिहिणारे म्हणाले, आमचं इतकी वर्षं चालत होतं. वाद असा रंगला की विचारू नका. शेवटी त्सोंनी २.६.३० मध्ये तडजोड घातली: जुन्या फाइलवर नवी फाइल नाव बदलून ठेवली, किंवा जुनी रिकामी करून पुन्हा लिहिली, की तिचा मजकूर ताबडतोब डिस्ककडे पाठवायचा. आजही ती तडजोड चालू आहे. पण नव्याने तयार होणाऱ्या फाइलला ती लागू नाही. म्हणून करंट गेला त्या मिनिटात पहिल्यांदाच सेव्ह झालेली एक्सेल शीट शून्य बाइटची सापडली, तर त्यात करणीबिरणी काही नाही.

डेटाबेसवाले या बाबतीत शहाणे. पोस्टग्रेस, मायएसक्यूएलचं इनोडीबी (डेटा साठवणारा त्याचा भाग), यांचं स्वतःचं वेगळं जर्नल असतं आणि प्रत्येक व्यवहाराला ते एफसिंक करतात. वेगासाठी कुणी ते बंद केलं नसेल तर! मायएसक्यूएलमध्ये कमिटला, म्हणजे व्यवहार पक्का होताना, लॉग (तेच जर्नल) डिस्कवर नेण्याचं सेटिंग १ वर असतं. ‘सर्व्हर स्लो आहे’ म्हणून सॉफ्टवेअरवाला ते २ किंवा ० करून जातो, आणि वीज गेली की शेवटच्या सेकंदाभराचे व्यवहार जाऊ शकतात. रेड कार्डाचंही, म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डाचंही, तसंच. कार्डावरची बॅटरी मेली की कार्ड आपणहून कॅशमध्ये, म्हणजे स्वतःच्या मेमरीत, लिहिणं थांबवतं, सर्व्हर मंदावतो, मग कुणीतरी ‘बॅटरी नसली तरी कॅश चालू’ असा पर्याय निवडतो. पुढच्या वळवापर्यंत सगळे त्याला दुवा देतात.

दुसरी तक्रार, आणि ही जरा लांबेल: यूपीएस. दर संस्थेत यूपीएस आहे. त्याच्यासोबत आलेली यूएसबी केबल कुठे आहे? खोक्यात. खोकं कुठे आहे? माळ्यावर. ती केबल सर्व्हरला जोडलेली नसेल तर बॅटरी संपत आल्याचं सर्व्हरला कळणार कसं? यूपीएस शेवटच्या क्षणापर्यंत पी पी करत राहतो, ऐकायला रात्री कुणी नसतं, आणि मग वीज जाते ती तशीच अचानक, फक्त दहा मिनिटं उशिरा. केबल जोडायची, लिनक्सवर नट नावाचं फुकट सॉफ्टवेअर घालायचं, ‘बॅटरी लो’चा इशारा आला की आधी डेटाबेस, मग सर्व्हर नीट बंद व्हावा अशी सोय करायची. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

बॅटरीचा हिशेब ऐका. छोट्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची एक सीलबंद बॅटरी असते. कागदावर ८४ वॉट-तास. पण पंधरा-वीस मिनिटांत ओढून घेतली तर निम्म्याच्या आसपासच हाती लागतं. आयुष्य ३ ते ५ वर्षं, तेही २५ अंशांना. दर १० अंश वाढीला ते निम्मं धरा. आणि आपण सर्व्हर ठेवतो कुठे? जिन्याखाली, पत्र्याच्या कपाटाशेजारी, एप्रिलमध्ये.

काही जण म्हणतील, आमच्याकडे मोठा इन्व्हर्टर आहे. बघा, त्याच्यावर बहुतेक एक स्विच असतो: यूपीएस आणि इको. इकोवर असेल तर वीज गेल्यापासून बॅटरीवर यायला त्याला जो वेळ लागतो, तो कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायला सोसत नाही. पूर्ण लोडवर सप्लाय साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. ट्यूबलाइट नुसती लुकलुकते, सर्व्हर मात्र रीस्टार्ट होतो. मग ‘वीज गेलीच नव्हती, सर्व्हरच बिघडलाय’ म्हणून महिनाभर भलतीकडेच शोध चालतो.

संयोजकांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं. म्हणजे मूळ विषयाला दहा मिनिटं. चूक सर्वस्वी यूपीएसची. पटापट घेतो, लिहून घ्या.

वीज आली की सर्व्हर लगेच चालू करायचा नाही. आपल्याकडे ती येते, दोन मिनिटांत पुन्हा जाते, व्होल्टेज वरखाली होतं. दुरुस्ती चालू असताना दुसऱ्यांदा गेली तर पहिल्यापेक्षा वाईट. बायोसमध्ये, म्हणजे मशीन उठतानाच्या सेटिंगमध्ये, ‘वीज परत आल्यावर बंदच राहा’ हा पर्याय निवडा. यूपीएस चार्ज होऊ द्या. चालू केल्यावर आधी बायोसमधलं घड्याळ बघा. बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी संपली असेल तर तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली असते, आणि मग तपासणी अडते की शेवटचं माउंट (डिस्क वापरासाठी जोडणं) भविष्यकाळातलं आहे. तो डिस्कचा बिघाड नव्हे. घड्याळ लावा, बॅटरी बदला. साडेपाच तासांचा फरक असेल तर बायोसमध्ये भारतीय वेळ आहे आणि लिनक्स ती ग्रिनिचची समजतंय. २४ तासांपर्यंतचा फरक प्रोग्राम सांभाळून घेतो.

मग पेनड्राइव्हवरच्या लाइव्ह लिनक्सवरून, म्हणजे सर्व्हरच्या डिस्कला हात न लावता चालणाऱ्या लिनक्सवरून, उठवा, डिस्क माउंट करू नका. पहिली तपासणी डिस्कची, फाइल सिस्टिमची नंतर: डिस्कची तब्येत सांगणारं स्मार्टसीटीएल चालवून ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांच्या ओळी बघा. १९७ म्हणजे वाचता न येणारे सेक्टर रांगेत आहेत. तिथे आकडा असेल तर दुरुस्ती थांबवा, डीडीरेस्क्यूने आख्खी डिस्क दुसऱ्या डिस्कवर उतरवा आणि पुढचं सगळं त्या नकलेवर करा. सॉफ्टवेअर रेड असेल तर त्याची स्थिती दाखवणारी एमडीस्टॅट फाइल बघा. रिसिंक (डिस्क एकमेकींशी जुळवणं) चालू असेल तर चालू द्या. ॲरे, म्हणजे डिस्कचा गट, जुळत नसेल तर ‘क्रिएट’ आणि ‘फोर्स’ या दोन शब्दांना हात लावू नका.

आता ईएक्सटी४. पहिल्यांदा एफएससीके डॅश एफ डॅश एन: नुसतं बघणं, सगळ्या प्रश्नांना उत्तर ‘नाही’. निकाल दुसऱ्या पेनड्राइव्हवर साठवा. यात जर्नल उतरवलं जात नाही, म्हणून जरा जास्तच चुका दिसतात, घाबरू नका. शेकड्यांनी दिसल्या तर मात्र आधी नक्कल. नंतर डॅश पी: हा जर्नल उतरवतो, निर्धोक तेवढं दुरुस्त करतो, शंका आली की थांबतो. एक्झिट कोड (संपताना प्रोग्राम देतो तो आकडा) ० किंवा १ आला तर ठीक, २ आला तर रीबूट, ४ आला तर माणसाने बसायचं. बसताना डॅश झेडने अनडू फाइल दुसऱ्या डिस्कवर ठेवा, म्हणजे केलेले बदल परत फिरवता येतात. सुपरब्लॉकच, म्हणजे फाइल सिस्टिमची मुख्य नोंदच, वाचता येत नसेल तर ४ केबी ब्लॉकच्या डिस्कवर तिची पहिली राखीव प्रत ३२७६८ क्रमांकाच्या ब्लॉकवर असते, डॅश बी देऊन ती वापरा. बाकीच्या प्रती कुठे आहेत हे फाइल सिस्टिम बनवणारा एमकेई-टू-एफएस डॅश एन सांगतो. त्यातला डॅश एन विसरलात तर डिस्क फॉर्मॅट होईल. हे वाक्य दोनदा लिहा.

चालू, माउंट केलेल्या डिस्कवर दुरुस्ती कधीच नाही.

एक्सएफएसला वेगळं. तिथे एफएससीके काहीच करत नाही, मुद्दामच. एकदा माउंट करा, लॉग आपोआप उतरतो, अनमाउंट करा, मग एक्सएफएस-रिपेअर डॅश एन. माउंटच होत नसेल तर तो डॅश एल सुचवतो. त्याने लॉगच पुसला जातो, म्हणून नक्कल घेतल्याशिवाय नाही. विंडोजवर चेकडिस्क आधी कुठलाही स्विच न देता, तेव्हा तो फक्त वाचतो. मग स्लॅश एफ. स्लॅश आर आजारी डिस्कवर देऊ नका, तासन्‌तास खरवडून ती उरलीसुरली मारतो.

लॉस्ट-अँड-फाउंड फोल्डरमध्ये नाव हरवलेल्या फाइली नुसत्या आकड्यांनी येतात. ‘फाइल’ कमांडने प्रकार कळतो. आत शब्द शोधून ओळखायच्या असतील तर आपल्याकडची अडचण लक्षात घ्या: जुने ठराव श्रीलिपीच्या किंवा कन्नड टायपिंगच्या नुडीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले आहेत, युनिकोडमध्ये नाहीत. ‘सभासद’ असा शोध घेतलात तर एकही सापडणार नाही. तारीख आणि आकारावरून लावा.

डेटाबेस सगळ्यात शेवटी, एकटा चालू करा आणि त्याचा एरर लॉग वाचा. तो आपली रोजकीर्द आपण उतरवतो. त्या रोजकिर्दीच्या लॉग फाइली ‘जागा अडवतात’ म्हणून पुसायच्या नाहीत. इनोडीबी उठत नसेल तर ‘फोर्स रिकव्हरी’ हे सेटिंग १ पासून चढवत जा. ४ आणि वर डेटा कायमचा बिघडू शकतो, तिथे आधी फोल्डरची नक्कल. टॅलीत ‘रीराइट’, म्हणजे डेटा पुन्हा लिहून दुरुस्त, करण्याआधीही तसंच.

मग काउंटर उघडण्यापूर्वी छापलेली शेवटची पावती आणि सर्व्हरवरचा शेवटचा व्हाउचर नंबर ताडून पाहा, तेरीज (ट्रायल बॅलन्स) जुळवा. आणि दारोदार रोजची बचत गोळा करणाऱ्या पिग्मी एजंटांना निरोप द्या: दिवसभराची वसुली सर्व्हरवर उतरली आहे हे नावानिशी पडताळून होईपर्यंत हातातलं मशीन कुणीही रिकामं करायचं नाही.