भात्यातला ताल

नमस्कार श्रोतेहो. आज अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यातल्या फ्रेंच बोलणाऱ्या केजन लोकांच्या अकॉर्डियनबद्दल बोलू.

आपल्या पेटीचा भाता फक्त हवा भरतो. पट्टी दाबली की सूर तोच. या वाद्याला उजवीकडे दहाच बटणं, आणि एका बटणात दोन सूर: भाता मिटताना एक, उघडताना दुसरा. पांढरी एकच्या वाद्यात मिटताना सा, ग, प. उघडताना रे, म, ध, नी. म्हणजे साधा सा-रे-ग-म वाजवायचा तरी भाता आत, बाहेर, आत, बाहेर. ताल बोटांत नाही, भात्यात आहे. भाता अडखळला की ताल अडखळला.

आता माझी आवडती गोष्ट. आयरी लेजून. जन्म 1928, लुईझियानातल्या चर्च पॉइंट गावाजवळ, गरीब शेतकरी घरात. नजर इतकी अधू की शेतकाम जमेना. नात्यातल्या अँजेलास लेजून यांच्याकडे अकॉर्डियन होतं, ते या पोराच्या हाती लागलं. आमेदे आर्दवाँ या क्रिओल, म्हणजे लुईझियानातल्याच फ्रेंच बोलणाऱ्या कृष्णवर्णीय समाजातल्या, वादकाच्या तबकड्याही त्यानं मन लावून ऐकल्या. नोटेशन नाही, गुरुकुल नाही. कानांनीच भाता शिकला!

पण आयरी मोठा होईतो जमाना पालटला होता. नाचघरात फिडल, म्हणजे व्हायोलिन, आणि स्टील गिटार, अकॉर्डियन खेडवळ ठरलेलं. हा गडी मात्र आपलं वाद्य पिठाच्या पोत्यात घालून नाचाच्या ठिकाणी जायचा. 1948 मध्ये ह्यूस्टनला त्याची 'लव्ह ब्रिज वॉल्ट्झ' ही तीन मात्रांच्या नाचाची धून ध्वनिमुद्रित झाली आणि लोकांनी ती उचलून धरली. अकॉर्डियन पुन्हा नाचघरात आलं! 1955 मध्ये, नाचाचा कार्यक्रम आटोपून परतताना रस्त्यात टायर बदलायला थांबलेल्या आयरीला मोटारीची धडक बसली आणि तो गेला. वय अवघं सव्वीस.

शिकणाऱ्यांनी त्याचा भाता ऐकावा. उलटतो, पण लय हलत नाही. उलटताना जोर सारखा हवा. लांब ओढ टाळा, नाहीतर हवा संपते आणि सम चुकते. डाव्या अंगठ्याखालचं हवेचं बटण त्यासाठीच आहे: ते दाबलं की सूर न वाजता हवा आत-बाहेर होते. डाव्या हाताला खर्ज आणि साथीचे सूर: वॉल्ट्झमध्ये एक खर्ज, दोन साथ. सूर चुकला तरी थांबू नका, नाचणाऱ्यांचे पाय थांबत नाहीत. आणि आधी सावकाश वाजवा. आपल्याकडेही हल्ली द्रुत सुरू होताच टाळ्या पडतात, विलंबितात मंडळी चहाला उठतात. मला हे मुळीच पटत नाही. ठाय लयीतच हात कळतो. पुन्हा सांगतो, भाता अडखळला की ताल अडखळला.

आता ऐकू या आयरीची तीच वॉल्ट्झ. भाता नेमका कुठे उलटतो, ते कानांनी पकडून पाहा.