फ्रेंच व्याकरणाचं वर्कबुक घेताय? आधी पानाचं शीर्षक झाकून बघा

नमस्कार! फ्रेंच शिकायला लागलं की दोन-तीन आठवड्यांत एक प्रश्न येतोच: व्याकरणाचं वर्कबुक कोणतं घेऊ? आज मी एकाही पुस्तकाचं नाव सांगणार नाहीये. पुस्तक हातात आल्यावर ते पाच मिनिटांत कसं पारखायचं, ते दाखवणार आहे. ते जमलं की तुम्हाला कुणाच्याच यादीची गरज पडणार नाही.

आधी माझा अनुभव सांगते. माझं पहिलं वर्कबुक मी दोन महिन्यांत संपवलं. प्रत्येक स्वाध्यायात दहापैकी नऊ, नाहीतर दहा. मग एकदा मैत्रिणीला फ्रेंचमध्ये चार ओळी लिहायला बसले. 'काल मी उशिरा घरी आले', इतकं साधं वाक्य. तिथेच अडले. क्रियापद माहीत होतं, त्याचं भूतकाळाचं रूप पाठ होतं, पण त्याच्यासोबत एक सहायक क्रियापद लागतं, 'एत्र' म्हणजे असणं, किंवा 'आव्वार' म्हणजे जवळ असणं. त्यातलं कोणतं घ्यायचं, हेच ठरवता येईना.

मग ते पुस्तक पुन्हा उघडलं, तेव्हा कारण दिसलं. पानावर ठळक अक्षरांत लिहिलेलं, 'पासे कोंपोझे, एत्रसह', म्हणजे तोच भूतकाळ, एत्र लावून. खाली दहा वाक्यं, आणि दहाही एत्रचीच. म्हणजे जो निर्णय मी घ्यायला हवा होता, तो शीर्षकानेच घेऊन टाकला होता. मी नुसती रूपं भरत गेले होते.

म्हणून माझी कसोटी ही. पुस्तकातलं कुठलंही स्वाध्यायाचं पान उघडा, शीर्षकावर हात ठेवा आणि प्रश्न वाचा. शीर्षक न दिसताही प्रश्न तुम्हाला विचार करायला लावतो का? की पहिल्या वाक्याचं उत्तर कळलं की पुढची नऊ त्याच साच्यात बसतात? एका साच्याची पानं वाईट नसतात. नवीन रूप हाताखालून जायला ती लागतातच. पण पुस्तकभर तीच असतील, तर ते पुस्तक ठेवून द्या. चांगल्या वर्कबुकात दर तीन-चार प्रकरणांनंतर उजळणीची पानं असतात, त्यांना बहुतेक पुस्तकांत 'बिलां' म्हणतात. तिथे सगळं मिसळलेलं असतं. पुस्तक चाळताना आधी ती पानं शोधा.

आता दोन ठिकाणं सांगते, जिथे ही कसोटी लावून बघायचीच.

पहिलं ठिकाण आत्ताच आलेलं, एत्र आणि आव्वार. 'मी उतरले' हे फ्रेंचमध्ये 'झ सुई देसांद्यु'. इथे एत्र आहे. पण 'मी बॅग उतरवली' म्हणायचं असेल, तर 'झे देसांद्यु ला वालीझ'. क्रियापद तेच, पण कर्म आलं आणि आव्वार घ्यावं लागलं. आपण मराठीत उतरणं आणि उतरवणं अशी दोन क्रियापदं वापरतो, फ्रेंच एकातच भागवतं. ही दोन वाक्यं शेजारी-शेजारी विचारणारं पुस्तक तुम्हाला खरंच शिकवतंय. एत्र घेणारी नेहमीच्या वापरातली क्रियापदं पंधराएक आहेत, शिवाय 'स लव्हे', म्हणजे उठणं, यासारखी स्वतःकडे वळणारी सगळी. यादी पाठ होते हो, निवड पाठ होत नाही.

आणि इथे मराठी माणसाला एक गोष्ट आतून ठाऊक असते. 'मी गेलो', 'मी गेले' म्हणताना क्रियापद कर्त्याकडे बघतं. 'मी चिठ्ठी लिहिली', 'मी पत्र लिहिलं' म्हणताना ते कर्माकडे बघतं. फ्रेंचमध्येही एत्र असेल तर रूप कर्त्याप्रमाणे बदलतं. आव्वार असेल तर सहसा बदलत नाही, पण कर्म आधी येऊन गेलं असेल तर रूप त्याच्याशी जुळवून घ्यावं लागतं. 'झे एक्री ला लेत्र', मी चिठ्ठी लिहिली. आणि 'ला लेत्र क झे एक्रीत', मी लिहिलेली चिठ्ठी. ऐकलंत? शेवटचा 'त' उमटला. अनेक शिकणाऱ्यांना हा नियम विचित्र वाटतो. आपल्याला वाटायचं कारण नाही, आपण रोज कर्माप्रमाणे क्रियापद फिरवतो. हा नियम पहिल्या पातळीच्या पुस्तकात नसेलही, नसला तर हरकत नाही.

दुसरं ठिकाण आर्टिकल्सचं, आणि इथे आपली खरी अडचण आहे. नामाआधी लागणारे 'अं', 'ल', 'ला' असे छोटे शब्द म्हणजे आर्टिकल. मराठीत ते नाहीत. लिंगाची सवय आपल्याला आहे. चंद्र आपल्याकडे 'तो' आणि फ्रेंचमध्ये 'ला ल्युन', म्हणजे 'ती', एवढं लक्षात ठेवावं लागतं, पण नामाला लिंग असतं हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. त्यामुळे लिंगावर दहा पानं आणि आर्टिकलवर दोन, असं पुस्तक आपल्या कामाचं नाही.

बघायचं काय, तर नकारार्थी वाक्यांचं पान. तीन वाक्यं लक्षात ठेवा. 'झे अं लीव्र', माझ्याकडे एक पुस्तक आहे. नकार केला की 'झ ने पा द लीव्र', 'अं' जाऊन 'द' येतो. 'से तं लीव्र', हे एक पुस्तक आहे. नकार केला की 'स ने पा अं लीव्र', इथे 'अं' तसाच राहतो, कारण क्रियापद एत्र आहे. आणि 'झेम ल लीव्र', मला ते पुस्तक आवडतं. नकार केला की 'झ नेम पा ल लीव्र', 'ल' हलतच नाही. ही तिन्ही प्रकारची वाक्यं एकाच स्वाध्यायात मिसळून दिली असतील, तर त्या लेखकाला शिकणारा कुठे अडखळतो ते नीट माहीत आहे.

आता खरेदीतल्या दोन चुका, ज्या फार होतात.

एक म्हणजे फ्रान्समधल्या शाळकरी मुलांचं व्याकरणाचं पुस्तक घेणं. त्या मुलाला फ्रेंच आधीच बोलता येतं. कोणता शब्द 'ल' आणि कोणता 'ला', हे त्याला शिकवावं लागत नाही. त्याची अडचण लिहिण्याची असते, सारखेच ऐकू येणारे दोन शब्द वेगळे कसे लिहायचे याची. तुमची अडचण ती नाही. मुखपृष्ठावर 'एफ-एल-ई' ही तीन अक्षरं शोधा. परदेशी भाषा म्हणून फ्रेंच, असा त्यांचा अर्थ. सोबत पातळी ए-1, म्हणजे सगळ्यात पहिली, लिहिलेली हवी. ही सहा पातळ्यांची युरोपीय चौकट 2001 सालापासून चालत आलेली आहे.

दुसरी चूक, 'काये देग्झेर्सिस', म्हणजे स्वाध्यायवही, दिसलं की घेऊन टाकणं. ते अनेकदा एखाद्या पाठ्यपुस्तकाची जोडवही असते. त्यातले प्रश्न त्या पाठांतल्या शब्दांवर आणि संवादांवर बेतलेले असतात. पाठ्यपुस्तक नसेल तर ते अधांतरी राहतं. एकट्याने शिकणाऱ्यांनी स्वतंत्र व्याकरणाचं वर्कबुकच घ्यावं.

उत्तरं, म्हणजे 'कोरिझे', पुस्तकातच आहेत की वेगळ्या पुस्तिकेत, हे विचारून घ्या. बऱ्याचदा ती वेगळी विकली जातात, आणि शिक्षक नसेल तर उत्तरांवाचून सगळी मेहनत वाया जाते.

सोबत ध्वनिमुद्रण असेल तर उत्तमच. बोलणं या क्रियापदाची रूपं बघा: 'झ पार्ल' मी, 'त्यु पार्ल' तू, 'इल पार्ल' तो, आणि अनेकवचनातही 'इल पार्ल', ते. चारही ठिकाणी क्रियापद ऐकायला एकच, लिहायला मात्र तीन वेगळी रूपं. नुसतं लिहून शिकणारा शेवटची मुकी अक्षरंही उच्चारायला लागतो, आणि ती सवय मोडायला फार वेळ लागतो.

स्पष्टीकरण फ्रेंचमध्येच असलेलं घ्यावं का? ए-1 पातळीवर मी म्हणेन, नको. आधी नियम नीट कळू दे. पुढच्या पातळीला फ्रेंचमधलं घ्या.

दोन पुस्तकांत एकाच शब्दाचं स्पेलिंग वेगळं दिसलं, एकात अक्षरावर टोपीसारखी खूण आणि दुसऱ्यात नाही, तर घाबरू नका. 1990 साली स्पेलिंगमध्ये सुधारणा सुचवल्या गेल्या, त्यात काही टोप्या ऐच्छिक झाल्या. दोन्ही बरोबर.

आणि पुस्तक घरी आलं की त्यात लिहू नका, पेन्सिलनेही नाही. उत्तरं वेगळ्या वहीत लिहा, चुकलेल्या प्रश्नांचे क्रमांक त्या वहीच्या शेवटच्या पानावर टिपून ठेवा. महिन्याभराने तेच क्रमांक उघडा आणि शीर्षकावर हात ठेवून पुन्हा सोडवा.