गेल्या वर्षीची झावळी

श्रोतेहो, नमस्कार.

उपवासकाळ, म्हणजे ईस्टर या येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाआधीचे चाळीस दिवस, जवळ आला की बऱ्याच घरांत एक वस्तू आठवते. घरातल्या क्रुसामागे किंवा देवाच्या तसबिरीमागे खोचलेली, वर्षभरात पिवळी पडून कुरकुरीत झालेली माडाची पात. गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, ती आशीर्वादित करून घरी आणलेली असते. ती कचऱ्यात टाकायची नसते. राखेच्या बुधवारच्या, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवसाच्या, आठ-दहा दिवस आधी चर्चमध्ये ठेवलेल्या टोपलीत ती नेऊन द्यायची, कारण बुधवारी आपल्या कपाळावर जी राख लागते ती या झावळ्यांचीच. वसईपासून मुंबईपर्यंतच्या मराठी कॅथलिक चर्चमध्ये चाळीस दिवसांची सुरुवात अशी घराघरांतून गोळा केलेल्या पातींपासून होते.

आधी तारखेचं पाहू, कारण दरवर्षी विचारणा होते की ईस्टर कधी मार्चमध्ये, कधी एप्रिलमध्ये का येतो. नियम असा: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची आणि तिच्यानंतरचा रविवार हा ईस्टर. चर्च ही पौर्णिमा आपल्या कोष्टकावरून काढतं, म्हणून पंचांगाशी एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो. त्यामुळे ईस्टर २२ मार्चच्या आधी येत नाही आणि २५ एप्रिलच्या पुढे जात नाही. मराठी माणसाला हे समजणं सोपं आहे, कारण ती पौर्णिमा कधी होळीची असते, तर कधी हनुमान जयंतीची. २०२६ साली हनुमान जयंती २ एप्रिलला आणि ईस्टर ५ एप्रिलला. २०२७ साली होळीची पौर्णिमा २२ मार्चला आणि ईस्टर २८ मार्चला. ईस्टरपासून ४६ दिवस मागे गेलं की राखेचा बुधवार सापडतो. मग चाळीस कसे म्हणतात? मधले सहा रविवार उपवासाचे नाहीत, प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस असतो, म्हणून ते वजा करायचे.

आता राखेचं काम. झावळ्या पूर्ण वाळलेल्या हव्यात. ओलसर पात जळत नाही, धुमसते, आणि राखेऐवजी चिकट काळा कोळसा उरतो. पत्र्याच्या डब्यात किंवा जुन्या लोखंडी कढईत, उघड्यावर, थोड्या थोड्या करून जाळायच्या. रिबिनी, प्लास्टिकची फुलं, टाचण्या आधी काढून टाकायच्या. ढीग एकदम पेटवला तर जळती पानं वाऱ्यावर उडतात आणि तळचा भाग कच्चा राहतो. राख पूर्ण थंड झाली की खलबत्त्यात बारीक करायची आणि मलमलच्या कापडातून गाळायची. गाळायचा कंटाळा केला तर कपाळावर खडे टोचतात आणि नाकावर कण पडतात.

यात एक चूक गंभीर आहे. राख कपाळाला नीट चिकटावी म्हणून काही जण ती आदल्या रात्री पाण्यात कालवून ठेवतात. राखेत पाणी मुरलं की त्याचा खार होतो. पूर्वी याच खारानं कपडे धुवायचे. असा खार नाजूक कातडीला भाजतो, कपाळ लाल होतं, लहान मुलांना तर फोडही येऊ शकतात. राख कोरडीच ठेवावी. फार उडत असेल तर आयत्या वेळी तेलाचे दोन-तीन थेंब चोळावेत, त्याहून जास्त नको. आणि राख फार लागत नाही. एका माणसाला अंगठ्याच्या टोकावर मावेल एवढी पुरते.

राख लावताना धर्मगुरू म्हणतात की तू माती आहेस आणि मातीला मिळशील, किंवा पश्चात्ताप कर आणि सुवार्तेवर विश्वास ठेव. हे प्रत्येकाला वेगळं, त्याच्यासाठी म्हटलं जातं. रांग लांब आहे म्हणून सगळ्यांना मिळून एकदाच म्हणून टाकण्यानं वेळ वाचतो खरा, पण ते वाक्य आपल्याला उद्देशून आहे ही जाणीव हरवते. राख लावायला आणखी दोन माणसं उभी करा, वाक्य मात्र ज्याचं त्याला ऐकू द्या.

उपवासाचे नियम लोकांना वाटतात त्यापेक्षा सौम्य आहेत, आणि त्याच वेळी अवघडही. उपवासाचे सक्तीचे दिवस दोनच: राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे. १८ वर्षं पूर्ण झाल्यापासून ५९ पूर्ण होईपर्यंतच्या माणसांनी त्या दिवशी एकच पोटभर जेवण घ्यायचं, बाकी दोन वेळा थोडंसं खायचं, आणि ते दोन्ही मिळून एका जेवणाएवढं होता कामा नये. चौदा वर्षांपुढच्या सर्वांनी या दोन दिवशी आणि उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य करायचं. आजारी माणसं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, मधुमेहाची औषधं घेणारे, उन्हात अंगमेहनत करणारे यांना उपवासाची सक्ती नाही. साखर उतरून चक्कर येईपर्यंत उपाशी राहण्यात पुण्य नाही, अशांनी दुसरा त्याग निवडावा.

मासे मांसात धरत नाहीत, त्यामुळे शुक्रवारी मासे खाणं नियमाला सोडून नाही. अडचण इथेच सुरू होते. मटण नको म्हणून घरात पापलेट आणि कोळंबी येते, खर्च रविवारच्या जेवणाच्या दुप्पट होतो, आणि आपण शुक्रवार पाळला असं समाधान वाटतं. नियम पाळला गेला हे खरं, त्याग मात्र झाला नाही. आमचं सुचवणं असं: शुक्रवारी पेज आणि लोणचं, डाळभात, किंवा फार तर सुकटीची चटणी. नेहमीच्या जेवणाचा खर्च आणि या जेवणाचा खर्च यांतला फरक त्याच रात्री एका डब्यात टाकायचा. महिन्याच्या शेवटी अंदाजानं टाकू म्हटलं तर ते होत नाही. सात शुक्रवारांनी तो डबा चर्चमधल्या उपवासकाळाच्या दानपेटीत रिकामा करायचा. पैसे कमी-जास्त होतील, पण ते आपल्या ताटातून आलेले असतील. मुलांना हा हिशेब स्वतः करू द्यावा.

पैसे जमले की ते कुठे जातात हेही पाहायला हवं. अनेक धर्मग्रामांत, म्हणजे एकेका चर्चच्या विभागात, संत विन्सेंट दी पॉल सोसायटीचे सदस्य काम करतात. ही संस्था १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्यांच्या सोबत्यांनी सुरू केली, आणि तिची जुनी पद्धत आजही तीच आहे: सदस्य जोडीनं गरजू घरी जातात. दोघं जाण्याला कारण आहे. एकटा माणूस भावनेच्या भरात वचन देऊन बसतो किंवा नुसता संशय घेऊन परततो. दोघं असले की एक बोलतो, दुसरा बघतो: चुलीवर काय आहे, औषधाची बाटली रिकामी आहे का, मूल शाळेत गेलंय का.

पापनिवेदनाविषयी, म्हणजे धर्मगुरूंपुढे आपल्या पापांची कबुली देण्याविषयी, थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण इथे लोक सगळ्यात जास्त अडखळतात. ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यातल्या बुधवारी संध्याकाळी रांग दारापर्यंत जाते, प्रत्येकाला दोन मिनिटं मिळतात आणि सगळं घाईत होतं. उपवासकाळाच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जा, धर्मगुरूंना वेळ असतो. आदल्या दिवशी दहा मिनिटं शांत बसून बायबलमधल्या दहा आज्ञा एकेक करून समोर धरा. मग आत गेल्यावर क्रम सोपा आहे. शेवटचं पापनिवेदन केव्हा केलं ते सांगा. मग पाप कोणतं आणि गंभीर असेल तर साधारण किती वेळा, एवढं सांगा. ‘सासू बोलली म्हणून मी बोलले’ अशी सुरुवात झाली की ते सासूचं पापनिवेदन होतं, आपलं राहूनच जातं. गोष्ट नको, दुसऱ्याचं नाव नको, वकिली नको. बरीच वर्षं गेला नसाल तर तसंच सांगा, पुढचे प्रश्न धर्मगुरू विचारतील. सांगितलेलं प्रायश्चित्त शक्यतो चर्चमधून बाहेर पडण्यापूर्वीच पूर्ण करा, घरी गेलं की विसरतं. कुणाचे पैसे किंवा कुणाचं नाव आपण बुडवलं असेल, तर ते भरून देणंही त्यात आलं.

अंथरुणाला खिळलेल्या माणसांची नावं चर्चच्या कार्यालयात किंवा आपल्या वाडीतल्या लघु ख्रिस्ती समूहाच्या प्रमुखाकडे वेळेत द्यावीत. धर्मगुरू किंवा नेमलेला सेवक पवित्र भाकर, म्हणजे कम्युनियन, घेऊन येईल तेव्हा एक छोटं टेबल, पांढरं कापड, क्रूस, एक-दोन मेणबत्त्या आणि पेलाभर पाणी तयार असावं. टीव्ही बंद. गिळायला त्रास असेल तर आधी सांगा, भाकरीचा अगदी लहान तुकडाही पुरतो.

झावळ्यांच्या रविवारी कोवळ्या, फिकट पिवळ्या पाती घ्याव्यात, त्या वळतात चांगल्या आणि त्यांचे क्रूस नीट होतात. आदल्या दिवशी कापून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवल्या तर सकाळपर्यंत कोमेजत नाहीत.

मग येतो पवित्र गुरुवार. संध्याकाळच्या मिस्सेत, म्हणजे पवित्र भाकर अर्पण करण्याच्या उपासनेत, पाय धुण्याचा विधी असतो. २०१६ पासून पाय धुवून घेण्यासाठी स्त्रियांनाही निवडता येतं, आणि म्हातारे, तरुण, आजारी असे सगळे असावेत अशी अपेक्षा आहे. कोमट पाणी, प्रत्येकाला वेगळा कोरडा टॉवेल आणि पाय सहज उचलता येईल अशा उंचीची खुर्ची लागते. पण गुरुवारची खरी कसोटी लागते सॅक्रिस्टीत, म्हणजे विधीचं साहित्य ठेवण्याच्या खोलीत. शुक्रवारी मिस्सा होत नाही, म्हणून दोन्ही दिवसांना पुरेल एवढी पवित्र भाकर गुरुवारीच अर्पण करावी लागते. उत्तम शुक्रवारी गर्दी नेहमीच्या रविवारपेक्षा बरीच जास्त असते. गेल्या वर्षीचा आकडा वहीत लिहून ठेवला नसेल तर अंदाज चुकतो आणि शेवटच्या रांगांना तुकडे मोडून द्यावे लागतात. मिस्सेनंतर वेदीवरचं कापड, मेणबत्त्या सगळं काढतात. घंटा मिस्सेतच बंद झालेल्या असतात, त्यांच्याऐवजी लाकडी खटखट्या वाजतो. पवित्र भाकरीसमोरच्या रात्रीच्या आराधनेची पाळी वाडीवार लावावी. मध्यरात्रीच्या आधीचा शेवटचा तास तरुणांकडे द्यावा, ते तो राखतात.

उत्तम शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमारास योहानाच्या शुभवर्तमानातली येशूच्या दुःखसहनाची हकिकत तिघांत वाचली जाते: निवेदक, ख्रिस्त आणि बाकीचे. वाचकांनी निदान दोनदा एकत्र, माइकवर सराव करावा. गब्बाथा, गुलगुथा ही ठिकाणांची नावं पहिल्यांदा त्या दिवशीच उच्चारली तर जीभ अडखळते. नाटकी आवाज काढू नये. मजकूर स्वतःच इतका जड आहे की स्पष्ट आणि सावकाश वाचणं पुरतं. क्रूसवंदनाला एकच क्रूस असावा. रांग लवकर संपावी म्हणून चार क्रूस चार कोपऱ्यांत ठेवले की लोक पांगतात आणि तो क्षण फुटतो. गर्दी फारच असेल तर धर्मगुरूंनी क्रूस उंच धरावा आणि सगळ्यांनी काही वेळ मूकपणे वंदन करावं, अशी सोय विधीतच आहे.

आणि शनिवारची रात्र, ईस्टरचा जागरणविधी. वर्षातला सगळ्यात मोठा विधी हाच, आणि नेमका यालाच लोक ‘फार लांब असतो’ म्हणून चुकवतात. १९५० च्या दशकापर्यंत हा विधी शनिवारी सकाळी, लख्ख उन्हात उरकला जात असे. पोप बारावे पायस यांनी १९५१ साली प्रायोगिक रीतीनं आणि १९५५ च्या आदेशानं कायमचा तो रात्री परत आणला. म्हणून अंधार पडल्याशिवाय सुरुवात करायची नाही. एप्रिलच्या सुरुवातीला आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास मावळतो, उजेड पूर्ण सरायला आणखी अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढं थांबा.

विधीच्या सुरुवातीला चर्चबाहेर पेटवायच्या अग्नीसाठी सुकी लाकडं, नारळाची सोडणं आणि कापूर घ्या. रॉकेल नको, त्याचा वास मेणबत्तीबरोबर चर्चमध्ये येतो. पास्काची, म्हणजे ईस्टरची, मोठी मेणबत्ती खऱ्या मेणाची आणि दरवर्षी नवी हवी, आत तेलाची डबी बसवलेली प्लास्टिकची नळी चालत नाही. तिच्यावर क्रूस, आल्फा आणि ओमेगा ही ग्रीक अक्षरं, आणि त्या वर्षाचे चार आकडे कोरतात, आणि धूपाचे पाच दाणे खोचतात. त्यांची भोकं दुपारीच तपासा, रात्री अंधारात घट्ट भोकात दाणा दाबताना मेण तडकतं. वात आदल्या दिवशी एकदा पेटवून पाहा. लोकांच्या हातातल्या छोट्या मेणबत्त्यांना कागदाची चकती लावा, नाहीतर गरम मेण हातावर आणि सोमवारी खरवडायला फरशीवर. पेटलेली मेणबत्ती सरळ धरायची, न पेटलेली तिरकी करून ज्योत घ्यायची, हे मुलांना आधी शिकवा. दिव्यांच्या खटक्यांपाशी जबाबदार माणूस उभा करा. अंधाऱ्या चर्चमध्ये मेणबत्ती नेताना ‘ख्रिस्ताचा प्रकाश’ ही घोषणा तीनदा होते, तिसरीच्या आधी कुणी पंखा लावायला म्हणून दिवा लावला तर सगळी मेहनत वाया जाते. वाचकांसाठी छोटी बॅटरी ठेवा.

बायबलच्या जुन्या करारातली सात वाचनं आहेत. ती कमी करता येतात, पण तीनपेक्षा कमी नाही, आणि लाल समुद्र ओलांडण्याचं वाचन कधीही गाळायचं नाही. आमच्या मते सातही घ्यावीत. वर्षातून एकदा, अंधारात, उत्पत्तीपासून संदेष्ट्यांपर्यंत सगळं ऐकायला दीड तास गेला तर तो जास्त नाही. मग घंटा वाजतात, चाळीस दिवस न उच्चारलेला आलेलुया हा जयघोष परत येतो, आणि बाप्तिस्म्याचं पाणी आशीर्वादित होतं.

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी सगळं आवरून टाकू नका. सण पन्नास दिवसांचा आहे, पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्म्याच्या सणापर्यंत. तोवर पास्काची मेणबत्ती वेदीजवळ उभी राहते. नंतर ती बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी जाते. वर्षभर जी बाळं येतील त्यांच्या मेणबत्त्या तिच्यावरून पेटवल्या जातात, आणि गावातलं कुणी गेलं की तीच मेणबत्ती पेटवून शवपेटीपाशी ठेवली जाते.

नमस्कार.