मान्सून अंदमानातून जातो कधी?

दरवर्षी मे महिन्यात आपण सगळे घामाने हैराण असतो आणि एक दिवस बातमी येते, मान्सून अंदमानात दाखल. झालं, त्या तीन शब्दांवर आपण खूश, मग केरळात कधी, कोकणात कधी, मुंबईत कधी याचा हिशोब सुरू होतो आणि अंदमान डोक्यातून जातं ते थेट दिवाळीच्या सुट्टीचं बुकिंग करायची वेळ येईपर्यंत. पण सगळ्यात आधी जिथे पाऊस पोचतो तिथून तो निघतो कधी? सप्टेंबरचा शेवट, ऑक्टोबरची सुरुवात, या दिवसांत तिकडे जाणाऱ्या प्रत्येकाने हे आधी समजून घ्यायला हवं, म्हणून हा व्हिडिओ.

(दृश्य: विमानाच्या खिडकीतून हिरवी बेटं, मध्ये ढगांचे पुंजके)

आम्ही गेलो २०२४ च्या नवरात्रात, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. पुण्यात हस्ताचा पाऊस चालू होता, म्हणजे दुपारपर्यंत कडक ऊन आणि चारनंतर गडगडाट, पाऊस आता निरोपाला आलाय हे कळत होतं. आणि तिकडे पोर्ट ब्लेअरला उतरलो (कागदोपत्री तीन आठवड्यांपूर्वीच श्री विजयपुरम झालं होतं, पण आम्हाला भेटलेले सगळे पोर्ट ब्लेअरच म्हणत होते), तर विमानतळाच्या दाराबाहेर पाऊल टाकताच चष्म्यावर वाफ धरली. तिथे निरोप वगैरे काही नव्हता, पाऊस अगदी ठाण मांडून होता.

आकडे सांगते. पोर्ट ब्लेअरला वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे मुंबईपेक्षाही जास्त. त्यातला एकट्या सप्टेंबरमध्ये ४०० च्या वर आणि ऑक्टोबरमध्ये ३०० च्या आसपास. पुण्यात अख्ख्या वर्षात ७०० पडतो, यावरून अंदाज घ्या. तापमान मात्र जागचं हलत नाही, दिवसा ३० च्या आसपास, रात्री २४-२५, कारण चारही बाजूंनी कोमट समुद्र आहे. त्यामुळे स्वेटर बिटर काही नको, सुती आणि पटकन वाळणारे कपडे न्या, कारण दमट हवेत जीन्स दोन दिवस वाळत नाही, आमची नाहीच वाळली.

पण पाऊस पडतो म्हणजे दिवसभर पडतो असं नाही. सकाळी निळंशार आकाश, मग समुद्रावरून काळा पडदा सरकत येताना दिसतो, वीस मिनिटं धो धो, आणि परत ऊन. असा पाऊस ट्रिप बिघडवत नाही, उलट झाडं इतकी हिरवी असतात आणि गर्दी इतकी कमी की मला तर हे दिवस आवडले. ट्रिप बिघडते ती कमी दाबाचा पट्टा तयार झाला की.

(दृश्य: नकाशा, बंगालचा उपसागर)

होतं काय, की मान्सून परतीला निघतो राजस्थानातून, सप्टेंबरच्या मध्यात. अंदमान आहे पार खाली दक्षिणेला, तिथे नैर्ऋत्येचे वारे ऑक्टोबरपर्यंत वाहतच असतात, मग ते पडतात आणि ईशान्येचे सुरू होतात, म्हणजे एक पावसाळा संपला म्हणेपर्यंत दुसरा दारात. आणि या मधल्या काळात अंदमानाजवळचा समुद्र २८-२९ अंशांवर तापलेला असतो, वादळांना हेच लागतं. २०१३ चं फायलिन आणि २०१४ चं हुडहुड आठवतंय? एक ओडिशाच्या गोपाळपूरला धडकलं, दुसरं विशाखापट्टणमला, दोन्ही वर्षी तारीख १२ ऑक्टोबर, आणि दोन्ही त्याआधी तीन-चार दिवस अंदमानावरून गेली होती. तेव्हा ती कमजोर होती, पण बोटी बंद पाडायला तेवढं पुरतं.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, पाऊस पडेल का हे विचारू नका, बोट चालेल का हे विचारा. हॅवलॉक आणि नील, म्हणजे आताचे स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप, तिथे पर्यटक जातात बोटीनेच. कोकणात बंदरावर तीन नंबरचा धोक्याचा बावटा लागला की कोणी होडी काढत नाही, तसंच तिथेही. आमची नीलहून परतीची बोट रद्द झाली, जेट्टीवर एकच वाक्य, मौसम खराब है, कल देखेंगे. आमच्याकडे एक दिवस शिल्लक होता म्हणून आम्ही निवांत होतो, पण शेजारी नाशिकचं एक कुटुंब होतं, म्हातारे आईवडील बरोबर आणि दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान, त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. आणि हे फक्त ऑक्टोबरचं नाही, २०१६ च्या डिसेंबरमध्ये हजाराहून जास्त पर्यटक या दोन बेटांवर अडकले होते, नौदलाने जहाजं पाठवून त्यांना आणलं.

तेव्हा पोचल्या पोचल्या लांबची बेटं आधी करा, पोर्ट ब्लेअर शेवटाला ठेवा, आणि विमानाच्या आधी एक अख्खा दिवस मोकळा सोडा. टूरवाले पाच दिवसांत सगळं बसवून देतात, कागदावर ते छान दिसतं, पण या सीझनला घेऊ नका.

(दृश्य: राधानगर बीच, लाटा, मग कालापथरचं शांत पाणी)

हॅवलॉकवर अजून एक गोष्ट. राधानगर बीच आहे पश्चिमेला, नैर्ऋत्येचा वारा समोरून येतो, त्यामुळे या दिवसांत तिथे लाटा मोठ्या, लाल बावटा दिसला तर पाण्यात उतरायचं नाही. त्याच दिवशी पूर्वेच्या कालापथरला पाणी बऱ्यापैकी शांत असतं, बेट तेच फक्त बाजू दुसरी. स्कूबा होतं, पण गढूळपणामुळे पाण्याखाली लांबचं दिसत नाही, ज्यांना खास त्यासाठीच जायचंय त्यांनी सरळ जानेवारी ते एप्रिल बघावं.

आणि घड्याळ सांभाळा. अंदमान इतकं पूर्वेला आहे आणि वेळ मात्र आपलीच, त्यामुळे सूर्य सव्वापाचला मावळतो, सहाच्या आत काळोख. राधानगरचा सूर्यास्त बघायचा तर चारला तिथे हवं, आम्ही पहिल्या दिवशी सहाला पोचलो आणि अंधारात फक्त गाज ऐकून परत आलो.

तो शिल्लक ठेवलेला दिवस रद्द झालेल्या बोटीपायी गेला, तरी शेवटची संध्याकाळ हाताशी राहिली, ती सेल्युलर जेलला. पाऊस चालूच होता. वरच्या मजल्यावर, सावरकर होते त्या कोठडीत उभं राहिलं की उंचावरच्या छोट्या खिडकीतून फक्त पावसाचा आवाज येतो. १९११ ते १९२१, दहा पावसाळे, आणि तिकडचे पावसाळे किती लांब असतात हे आता आम्हाला माहीत होतं. बराच वेळ कोणी बोललं नाही.

लाइट अँड साउंड शो नंतर उघड्यावरच असतो. छत्री उघडली की मागच्यांना दिसत नाही, म्हणून तिकडे रेनकोट न्या.