आज घेतलीय, मग गोळी नको?

बोट आठ-दहा दिवसांनी जेटीला लागते, मासळी उतरते, हिशोब होतो आणि मग बसणं होतं. मिरकरवाडा असो, हर्णै असो नाहीतर देवगड, कितीतरी खलाशांचं हे ठरलेलंच आहे. आता समजा त्यातल्या एकाला एचआयव्ही आहे. रोज रात्री जेवल्यावर एक गोळी, टीएलडी म्हणतात तिला, टेनोफोविर, लॅमिवुडिन आणि डोल्युटेग्राविर अशी तीन औषधं एकाच गोळीत, सरकारी एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्राला, फुकट मिळते. तर क्वार्टर पोटात गेलेली असते, गोळीची वेळ होते आणि हा म्हणतो, आज घेतलीय, आज गोळी नको, दोन्ही एकत्र गेलं तर विष होईल.

ही समजूत फक्त कोकणातली नाही, बाहेरच्या देशांतही अभ्यास करणाऱ्यांना हेच दिसलंय, पिणारा माणूस गोळी विसरतो ते वेगळं आणि घाबरून मुद्दाम टाळतो ते वेगळं. आणि टाळणारा हा बेफिकीर नसतो हो, तो आपल्या परीने जीव सांभाळतच असतो, फक्त त्याला कुणी नीट सांगितलेलं नसतं.

तर नीट सांगतो. दारू घेतली असली तरी गोळी घ्यायची. टीएलडी आणि दारू मिळून विष तयार होत नाही. गोळी चुकली की मात्र रक्तातलं औषध कमी होत जातं, विषाणू परत वाढायला लागतो, आणि असं पुन्हा पुन्हा होत राहिलं तर तो त्या औषधाला दाद देईनासा होऊ शकतो, मग दुसरी औषधं शोधावी लागतात. उशिरा आठवलं तर आठवेल तेव्हा एक घ्या, दोन एकदम नको. नेमाने घेतली आणि व्हायरल लोड, म्हणजे एक मिलिलिटर रक्तातली विषाणूंची मोजणी, २०० च्या खाली टिकून राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला एचआयव्ही जात नाही, हे घरातल्या बाईमाणसालाही माहीत असायला हवं.

याचा अर्थ दारू चालते असा कुणी घेऊ नका. पिऊन ॲसिडिटी होते, मग सकाळी ते गुलाबी औषध दोन झाकणं घशाखाली जातं. त्या ॲल्युमिनियम-मॅग्नेशियममुळे डोल्युटेग्राविर पोटात नीट शोषलंच जात नाही, म्हणून गोळी त्याच्या २ तास आधी नाहीतर ६ तासांनंतर घ्यायची, ही गोष्ट प्रत्येक काउंटरवर सांगितली गेली पाहिजे असं मला मनापासून वाटतं. आणि लिव्हर. टीबी होऊ नये म्हणून एचआयव्हीच्या पेशंटला आयसोनियाझिड देतात, ते लिव्हरला जड जाऊ शकतं, त्यात रोजची दारू असली तर धोका बराच वाढतो. कुणाला सोबत हिपॅटायटिस बी असेल तर आणखीनच. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अन्नावरची वासना गेली तर थांबू नका, डॉक्टर गाठा.

आता एक गोष्ट बोटीवरची. रोज भरपूर पिणारा माणूस समुद्रात गेला आणि दारू एकदम तुटली की पहिल्या दोन-तीन दिवसांतच हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते, काहींना फिट येते, काहींना भास व्हायला लागतात. किनारा लांब, डॉक्टर नाही, जीवावर बेतू शकतं. म्हणून अशाने ‘उद्यापासून बंद’ म्हणून एकट्याने सोडायची नसते, औषधं देऊन, डॉक्टरच्या नजरेखाली सोडवता येते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, माणूस घरी असतो, हे दोन महिने त्यासाठी सोन्यासारखे आहेत.

पण हे सगळं तेव्हाच, जेव्हा माणूस सेंटरला खरं बोलेल. आणि खरं बोलला की ओरडा मिळणार असेल तर पुढच्या वेळी तो ‘नाही ओ, सोडली’ म्हणतो, नाहीतर येतच नाही. आधीच गाव एवढंसं, ओळखीचं कोणी बघेल म्हणून लोक जवळचं सेंटर सोडून दोन एसट्या बदलून लांबच्या ठिकाणी जातात. तो पिऊन आला तरी त्याला परत पाठवू नका, बसवा, गोळ्या द्या, किती पितोस ते मायेने विचारा. एचआयव्ही असलेल्याला उपचारात भेदभाव करायचा नाही आणि त्याची माहिती फोडायची नाही, हा २०१७ चा कायदाच आहे.

ऑगस्टमध्ये बोटी परत सुटतील. निघायच्या आधी सेंटरला सांगा किती दिवस बाहेर असणार ते, म्हणजे गोळ्या मध्येच संपणार नाहीत, आणि घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा, खाऱ्या पाण्यापासून लांब. एचआयव्हीबद्दल काही विचारायचं असेल तर १०९७, दारूबद्दल बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६, दोन्ही नंबर फुकट आहेत.