खुंटीच नाही, तर टोपी अडकवणार कुठे?

मघाशी रक्तगट विचारून हात वर करायला सांगितले, तेव्हा ओ रक्तगटाचे बरेच हात दिसले. आता रागावू नका, पण तुमच्या एका जनुकाच्या दोन्ही प्रती मोडक्या आहेत. आईकडून आलेलीही आणि वडिलांकडून आलेलीही.

बहुतेकांत हे घडतं एका अक्षरामुळे. पेशी डीएनए तीन-तीन अक्षरांनी वाचते. फळ्यावर लिहितो: मदन बदक पकड. यातला पहिला द पुसला की उरतं मनब दकप कड. तुमच्या जनुकात २६१व्या ठिकाणचं एक अक्षर असंच गळलंय. पुढचा मजकूर सगळा बरळतो, मध्येच 'थांबा' अशी खूण लागते आणि एन्झाइम, म्हणजे पेशीतला कारागीर, अर्धवट राहतं. तरी तुम्ही धडधाकट इथे बसला आहात!

आता मुंबईत या. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक चमत्कारिक रक्तगट जगापुढे मांडला. चाचणीत तो ओसारखा दिसे, पण ओचं रक्तही त्याला चालेना. तांबड्या पेशीवर एच नावाची एक खुंटी असते, तिच्यावर ए किंवा बीची टोपी अडकवली जाते. ओवाल्यांचं टोपी अडकवणारं एन्झाइमच मोडकं, म्हणून टोपी नाही, पण खुंटी आहे. मुंबईत सापडलेल्या या 'बॉम्बे' गटात खुंटीच नाही, कारण फ्यूकोज ही साखर जोडून ती घडवणारं एन्झाइम निकामी आहे. घरात ए-बीच्या टोप्या असतील, पण त्या अडकवणार कुठे? एरवी ही माणसं ठणठणीत असतात. रक्त चढवायची वेळ आली की मात्र धावाधाव. भारतात असा साधारण दहा हजारांत एक. दोन्ही प्रती मोडक्या लागतात, म्हणून मामाच्या मुलीशी लग्न लावणाऱ्या घराण्यांत तो जास्त सापडावा, यात नवल नाही.

प्रत्येक वेळी एक धड प्रत पुरते असं मात्र नाही. यकृतावर कोलेस्टेरॉल ओढून घेणारे ग्राही रेणू असतात. त्यांच्या जनुकाची एक प्रत गेली की ते निम्मे होतात, आणि तिशी-चाळिशीतच हृदयविकार गाठू शकतो. तिथे निम्म्यावर भागत नाही.

आता ज्यासाठी एवढं गुऱ्हाळ लावलं ते. १९९२ साली इस्रायलमधून दोन मुलांची हकिगत प्रसिद्ध झाली. रक्तगट बॉम्बेच, पण ही मुलं सतत आजारी. जंतुसंसर्ग वारंवार, रक्तात पांढऱ्या पेशी कितीतरी पट, आणि जखमेत मात्र पू नाही! वाढ खुंटलेली, बुद्धीची वाढही मंद. खुंटी जोडणारा कारागीर यांच्याकडे होता. त्याच्यापर्यंत फ्यूकोज पोचवणारा हमालच निकामी होता. आणि हा हमाल एकट्या खुंटीवाल्याचा नव्हे. पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बाहेर पडायलाही फ्यूकोजच लागतं. पेशी रक्तात फिरत राहिल्या, जखमेपर्यंत पोचल्याच नाहीत. २००१ साली त्या हमालाचं जनुक सापडलं.

म्हणजे चाचणीचा कागद एकच, पण एक माणूस बिनधास्त आणि दुसरं मूल सतत आजारी. कुठला दुवा तुटला, त्यावर सगळं.

उपाय? डॉक्टरांनी हा आजार असलेल्या मुलांना तोंडावाटे फ्यूकोजच द्यायला सुरुवात केली. ज्यांचा हमाल लंगडत का होईना चालत होता, अशा काहींचे संसर्ग कमी झाले. ज्यांचा पार बसला होता, त्यांना साखर देऊन फरक पडला नाही.