लुकलुकणारा दिवा

[अंधार. एक छोटा एलईडी एक सेकंद लागतो, एक सेकंद विझतो.]

पहिल्या आठवड्यात बहुतेकांच्या हातून एवढंच होतं. एक दिवा लागतो, विझतो, पुन्हा लागतो.

कला, डिझाइन आणि डिजिटल तंत्रज्ञान एकत्र शिकवणाऱ्या पदव्युत्तर वर्गात सगळे एकाच वाटेने आलेले नसतात. कुणी वर्षानुवर्षं चित्रं काढलेली, कुणी इमारतींचे आराखडे, कुणी संगणकशास्त्राची पदवी घेतलेली. संगणकवाल्याला हा दिवा म्हणजे दोन मिनिटांचं काम. चित्रकार मात्र दुपारभर त्याच्यापाशीच बसली आहे. तिने दिव्यावर ट्रेसिंग पेपर धरलाय. नुसतं चालू-बंद तिला नको होतं. आता उजेड सावकाश चढतो, वर पोचल्यावर जरा रेंगाळतो, मग उतरतो.

संगणकवाला तिच्या टेबलापाशी येतो आणि सांगतो, की हा दिवा खरं तर मंद होतच नाही. तो सेकंदाला शेकडो वेळा लागतो आणि विझतो. दिवा चालवणारा हा छोटा सर्किट बोर्ड म्हणजे आर्डुइनो उनो. वायर जोडायच्या त्याच्या बहुतेक पिनांवर साधारण 490 वेळा. त्यात दिवा चालू असण्याचा वेळ वाढवला की डोळ्याला उजेड वाढल्यासारखा वाटतो, इतकंच. ती लक्ष देऊन ऐकते. मग विचारते, "वर पोचल्यावर किती थांबायचं, हे तू कसं ठरवशील?" त्याला लगेच सांगता येत नाही.

या शिक्षणातला सगळ्यात मोलाचा तास माझ्या मते हाच. वेळापत्रकात तो सापडत नाही.

[तळहातावर सर्किट बोर्ड, जवळून.]

हा बोर्ड मुळात आला कुठून, तेही ऐकण्यासारखं आहे. इटलीतलं इव्रेया हे ऑलिवेत्ती टाइपरायटरचं गाव. 2001 साली तिथे इंटरॅक्शन डिझाइनची, म्हणजे माणूस आणि यंत्र यांच्यातला संवाद घडवायला शिकवणारी, एक संस्था सुरू झाली. कोलंबियाचे एर्नांदो बारागान तिथे पदव्युत्तर शिक्षण घेत होते. डिझाइनच्या विद्यार्थ्यांना चालती-बोलती मॉडेल्स बनवायची होती, पण हाताशी असलेले बोर्ड महाग, आणि ते चालवायचे तर इंजिनिअरसारखा विचार करायला हवा. बारागान यांनी 2003 मध्ये प्रबंधासाठी हाच प्रश्न घेतला आणि 'वायरिंग' उभं केलं: एक बोर्ड, आणि त्याच्याशी बोलायची सोपी भाषा. मार्गदर्शक होते मास्सिमो बान्झी आणि केसी रीस. दिवा लावण्यासाठी आज जगभरचे विद्यार्थी 'डिजिटलराइट' ही आज्ञा लिहितात. ती या प्रबंधातून आली.

2005 मध्ये बान्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच पायावर एक स्वस्त बोर्ड आणला, आर्डुइनो. नाव गाजलं ते त्याचं. बारागान बराच काळ पडद्यामागेच राहिले. ही हकीकत पदवीच्या पहिल्याच दिवशी सांगायला हवी. 'वायरिंग'सारखं मुक्त परवान्याने दिलेलं, म्हणजे कुणीही वापरावं आणि बदलावं असं काम दुसऱ्यांच्या हातात कसं वाढतं, आणि वाढता वाढता पहिलं नाव कसं पुसट होत जातं, हे दोन्ही विद्यार्थ्याला आधीच माहीत असलेलं बरं.

रीस यांची स्वतःची जडणघडणही अशाच वातावरणातली. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये जॉन माएदा यांनी डिझायनरांना कोड शिकवायला 'डिझाइन बाय नंबर्स' बनवलं होतं. त्यात कागद फक्त 100 बाय 100 पिक्सेलचा, आणि काळ्या-पांढऱ्यामधल्या छटा. रंग नाहीच. माएदांचे विद्यार्थी बेन फ्राय आणि केसी रीस यांनी 2001 मध्ये 'प्रोसेसिंग' सुरू केलं, कोड लिहून चित्रं काढायची सोपी भाषा. पुढे लॉरेन मॅकार्थी यांनी तोच विचार ब्राउझरमध्ये आणला, 'पी-फाइव्ह'च्या रूपात. एखाददुसरी ओळ लिहिली की पडद्यावर वर्तुळ उमटलं पाहिजे, हा आग्रह या सगळ्यांनी धरला. नवख्या माणसाला तो किती धीर देतो, हे वर्गात बसल्याशिवाय कळत नाही.

[जुना प्लॉटर, संगणकाच्या आज्ञेने रेघा काढणारं यंत्र. त्याचं पेन कागदावर सरकतं.]

"माझं गणित कच्चं आहे, जमेल का?" हे विचारणारे दरवर्षी असतात. त्यांना वेरा मोल्नार यांच्याबद्दल सांगावंसं वाटतं. हंगेरीत जन्मलेल्या, पॅरिसमध्ये काम केलेल्या या चित्रकार. संगणक हाती येण्याआधी, 1959 पासून त्या स्वतःला नियम घालून देत आणि ते पाळत हाताने चित्रांची मालिका करत. याला त्या 'काल्पनिक यंत्र' म्हणायच्या. खरा संगणक त्यांना मिळाला 1968 मध्ये. म्हणजे विचार आधीच तयार होता, यंत्र मागून आलं.

म्हणूनच अभ्यासक्रम निवडताना सॉफ्टवेअरच्या यादीवर भुलू नये. एकेकाळी वेबसाइटवर हलती चित्रं आणि खेळ बनवायचं फ्लॅश हे सॉफ्टवेअर येणं ही मोठी गोष्ट होती. 31 डिसेंबर 2020 ला अडोबीने त्याची साथ सोडली, आणि त्यात केलेली असंख्य कामं आता फ्लॅशची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमशिवाय उघडत नाहीत. पदवीचं नाव एमए आहे, एमएफए (ललित कला) आहे की एमडेस (डिझाइन), मुदत एक वर्षाची की दोन, हे बघायचंच. पण त्याहून आधी विचारावं, कार्यशाळा किती वाजेपर्यंत उघडी असते? सोल्डरिंग करताना, म्हणजे वितळलेल्या धातूने वायरी जोडताना, चुकलं तर शेजारी उभं राहणारं कुणी आहे का? मागच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध वाचायला मिळतात का?

[भिंतीला टेकून उभे विद्यार्थी. मधोमध एक अर्धवट काम.]

याला क्रिट म्हणतात. काम मांडायचं आणि गप्प राहायचं. लोक काय बघतात, कुठे अडखळतात, ते ऐकून घ्यायचं. आपण सहा आठवडे घासलेला भाग कुणाच्या लक्षातही येत नाही आणि चुकून राहिलेल्या वायरीवर सगळे बोलतात. हे सोसायला शिकणं कोडपेक्षा अवघड आहे.

आणि मग प्रदर्शन. स्टुडिओत बिनचूक चालणारं काम दालनात नेलं की रुसतं. इन्फ्रारेड सेन्सरला खिडकीतलं ऊन सहन होत नाही. एका माणसाला ओळखणारा कॅमेरा गर्दीत गोंधळतो. दिवसभर चालू राहून सर्किट तापतं. म्हणून उद्घाटनाच्या आदल्या रात्री इथे कुणी कलाकृतीबद्दल बोलत नाही. पडदे लावले जातात, केबल चिकटवल्या जातात, आकडे बदलून पुन्हा पुन्हा तपासले जातात.

[सकाळ. दालनाचं दार उघडतं.]

ट्रेसिंग पेपरवाली ती विद्यार्थिनी कोपऱ्यात उभी आहे. भिंतीवर आता तिचे कितीतरी दिवे आहेत. पहिली प्रेक्षक आत येते आणि हात पुढे करते. जवळचा एक दिवा सावकाश चढतो आणि वर पोचून थांबतो.

हात तसाच पुढे आहे. दोघीही थांबल्या आहेत.